डोंबिवलीच्या नावाच्या संख्या

एखादा गणितज्ञ दिवंगत झाला म्हणजे त्याच्या स्मरणाचे काम मुख्यतः त्याच्या सहव्यवसायींवर येऊन पडते. कवीची कविता घरोघर म्हटली जाते, गवयाची चीज शिष्यांच्या कंठी राहते. गणित्याने काय केले हे मात्र बहुधा गणितीच सांगू जाणे. श्रीनिवास रामानुजन १९२० साली वारले, तेव्हा त्यांच्यामागे केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी होते. सोळा वर्षांनंतरही हार्डींनी अमेरिकेत आपल्या या मित्राच्या कार्यावर व्याख्याने दिली आणि १९४० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या वाट्याला असा हार्डी आला नाही. म्हणून त्यांचे स्मरण कोणी आणि कसे केले, हे पाहण्यासारखे आहे.

कापरेकर मूळचे डहाणूचे. जन्म १९०५ चा. आठव्या वर्षीच मातृवियोग झाला. वडील कारकून होते व त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला घरातूनच लागली असल्यास नवल नाही. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. येथे त्यांचे औपचारिक शिक्षण संपले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर होते.

ठाण्याशी त्यांचा संबंध शाळेपुरता मात्र राहिला नाही. ठाणे स्थानकाच्या पूर्वेस वसलेल्या कोपरीतील कितीतरी लोक कामाधंद्यानिमित्त गाडीत बसून थोड्याच वेळात डोंबिवलीस उतरतात. त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, गणिताच्या कोशांत या स्थानकाचे नाव गेलेले आहे. जी. आय. पी. रेल्वेवरील मुंबईपासून तीस मैलांच्या या स्थानकावर कापरेकरांना एका विशिष्ट संख्यासमूहाची कल्पना सुचली आणि त्यांनी त्याला ‘डेम्लो’ संख्या असे नाव दिले. १६५ ही संख्या घ्या. दोन्ही टोकांचे १ आणि ५ मिळून मधले ६ होतात. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये ५ च भरलेले. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, आणि मध्ये तीन वेळा ७. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. या चढत्या-उतरत्या वर्गांना त्यांनी ‘अद्भुत डेम्लो’ म्हटले. स्थानकावर गाडीची वाट पाहणारे पुष्कळ. त्या स्थानकास असे चिरस्थायी करणारा एखादाच.

या संख्यांवर त्यांचा लेख १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात ‘डेम्लो संख्यांची उपपत्ती’ या विषयावर लेख प्रसिद्ध झाला; त्यावर के. आर. गुंजीकर व कापरेकर अशी दोघांची नावे आहेत. हार्डी लाभला नाही हे खरे. तथापि शाळामास्तराच्या नावाशेजारी आपले नाव घालण्यात ज्याला कमीपणा वाटला नाही, असा एक सहकारी तरी लाभला, याची नोंद राहिली पाहिजे.

इतरांचे मत निराळे होते. अनेक भारतीय गणित्यांनी कापरेकरांचे काम दीर्घकाळ गांभीर्याने घेतले नाही. त्यांचे बरेचसे संशोधन सामान्य नियतकालिकांतून किंवा त्यांनी स्वतः छापविलेल्या पुस्तिकांतून बाहेर पडले. विद्वानांचा हा आक्षेप केवळ तुच्छतेतून आलेला नव्हता, हेही सांगणे न्यायाचे आहे. ज्या १९४० साली हार्डींचा रामानुजनांवरील ग्रंथ निघाला, त्याच साली त्यांचे दुसरे एक लहानसे पुस्तक निघाले. अंक उलटे लिहिले असता येणाऱ्या संख्येच्या पटीत असणाऱ्या ८७१२ आणि ९८०१ यांचा दाखला देऊन त्यांनी तेथे म्हटले आहे की, असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, खऱ्या गणित्याला त्यांचे आकर्षण नसते. कारण उघड आहे. दहाच्या पायावर संख्या लिहिण्याची आपली पद्धती बदलली, तर यांतील पुष्कळ चमत्कार नाहीसे होतात.

आक्षेप खरा, पण तो सर्वस्वी पुरा नाही. कापरेकरांनी एक साधा प्रश्न विचारला होता. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २१ मध्ये २ आणि १ मिळविले की २४ होतात, म्हणजे २४ ची जनक २१. परंतु २० ला असा जनक शोधून सापडत नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. अशा जनकहीन संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ ठरविले. त्यांच्या कर्मभूमीवरून त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही म्हणतात. याच विषयावर व्ही. एस. जोशी यांनी १९७३ साली गुजरात विद्यापीठास प्रबंध सादर केला, आणि १९८२ साली उम्बेर्तो झानिएर या इटालियन गणित्याने त्यांच्या विभागणीवर अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. शाळामास्तराच्या कोड्याशी झगडणे या मंडळींना कमीपणाचे वाटले नाही, आणि सहव्यवसायींनी केलेले याहून चांगले स्मरण कोणते असू शकेल?

सामान्य माणसाला मात्र कापरेकर ओळखीचे आहेत ते ६१७४ मुळे. श्रोत्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. त्यांच्या मृत्यूचे साल १९८६. यातील अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाचे अंक वजा करावे : ९८६१ वजा १६८९, उरले ८१७२. हीच क्रिया पुन्हा पुन्हा केली की अनुक्रमे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४. तेथून पुढे कितीही वेळा वजाबाकी करा, ६१७४ च. जन्माचे साल १९०५ घेतले तर दुसऱ्याच पायरीस तीच ८१७२ भेटते, आणि पुढील वाट एकच होते. चारही अंक सारखे नसले व शून्य सुटू दिले नाही, तर कोणतीही चार अंकी संख्या सात पायऱ्यांच्या आत येथे येऊन थांबते. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला; १९५५ साली तो न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’मध्ये छापला गेला.

सेवानिवृत्तीनंतरचा काळ सुखाचा गेला नाही. १९६६ मध्ये पत्नी निवर्तली. तुटपुंज्या निवृत्तिवेतनात साधी राहणीही भागेना, तेव्हा त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. संख्यांचा छंद मात्र सुटला नाही; मद्यप्याला मद्याची, तशी आपल्याला संख्यांची धुंदी, असे ते स्वतःच म्हणत. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत ते उगीच नव्हे.

कीर्ती आली ती सत्तरीत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव देशोदेशी गेले. हार्डींनी ज्या कोड्यांच्या सदराचा उल्लेख केला होता, तसल्याच एका सदराने हे काम केले! त्यानंतर अकरा वर्षांनी कापरेकर वारले.

ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत, त्यांनी तीच क्रिया तीन अंकांवर करून पाहावी. तेथे मुक्काम ४९५ चा आहे. दोन अंकांना असे एकच घर नाही. ती ९, ८१, ६३, २७, ४५ अशी पुन्हा ९ वर येऊन फिरतच राहतात.