जुन्या मोटरीचा जीर्णोद्धार

इंग्लंडातील उद्यानांच्या तळ्यांवर हातभर लांबीच्या नौका सोडण्याचा छंद बराच जुना आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कातील छोट्या आगबोटींचे मंडळ १९०४ सालचे. विजेवर नाव हाकण्याची कल्पना तर त्याहूनही प्राचीन, कारण याकोबी या शास्त्रज्ञाने १८३८ सालीच पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर माणसांनी भरलेली होडी विद्युत्शक्तीने चालवून दाखविली होती. परंतु आज बोलावयाचे आहे ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात या छोट्या नौकांत बसविल्या जाणाऱ्या 'टायकॉल' या ब्रिटिश मोटरींविषयी.

या मोटरींत कायम लोहचुंबक नाही. त्याच्या जागी तांब्याच्या तारेचे वेटोळे आहे, आणि प्रवाह सुरू होताच तेच चुंबकाचा कारभार पाहू लागते. जुन्या पोलादी चुंबकाचे तेज वर्षांगणिक ओसरते, वेटोळ्याचे ओसरत नाही. म्हणूनच माळ्यावर धूळ खात पडलेली अशी मोटर पुन्हा पूर्वीच्याच जोमाने फिरू शकते. तिचा विकार बहुधा मळ एवढाच असतो. गोंदासारखे घट्ट झालेले तेल रॉकेलच्या बोळ्याने पुसावे, वेटोळ्यातील वीज सांगाड्यात तर उतरत नाही ना याची मीटर लावून खातरजमा करावी, आणि मग काळवंडलेल्या कॉम्युटेटरकडे, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचविणाऱ्या तांब्याच्या कड्याकडे, वळावे. येथे घाई नडते. एमरीचा कागद वापरू नये, कारण त्याचे कण तांब्यात रुतून बसतात. अगदी बारीक काचकागद पुरतो. तांब्याच्या दोन पाकळ्यांमधील फटीत साचलेली काजळी टोकदार काडीने उकरून काढावी. तेलाचा थेंब फक्त बेअरिंगला द्यावा. सांगाड्यावर नवा रंग चढविण्याचा मोह मात्र, माझ्या मते, निव्वळ अरसिकपणाचा आहे.

एक अडचण उरते. बॅटरीच्या तारा उलटसुलट जोडल्या तरी ही मोटर उलटी फिरत नाही, कारण वेटोळे आणि आर्मेचर (मोटरीचा फिरता भाग) एकाच प्रवाहात ओवलेले असल्याने दोघांचीही दिशा एकदमच बदलते व परिणाम पूर्ववत् राहतो. त्यावर तोड अशी, की वेटोळ्याचा प्रवाह, वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीतून न्यावा, म्हणजे त्याची दिशा कायम राहून केवळ आर्मेचरची पालटते. या सोयीपायी सुमारे दीड व्होल्ट खर्ची पडतो. सहा व्होल्टांच्या नौकेला ही पट्टी जड वाटल्यास बॅटरीत आणखी एक सेल वाढविण्याची तजवीज करावी.