डफावरची थाप

मंडळी, बार्शी आपल्याला काही लांब नाही. येडशी ओलांडली की आलीच. त्या बार्शीत 20 ऑक्टोबर 1916 रोजी शाहीर अमर शेख जन्मले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल.

पारावर त्यांच्या गोष्टी निघतात, त्या ऐका. एक म्हणतो, "शाहिरानं बार्शीत डफावर थाप मारली, की येडशीच्या रामलिंगातली माकडं फुटाणे टाकून ऐकत बसायची!" दुसरा म्हणतो, "आरं, जन्मल्यावर पोर रडलंच न्हाई. एकदम पोवाडाच म्हणलं!" तिसरा गप कसा बसेल? "एकदा आवाज असा चढला, की लातूरची छोटी रेल्वे शिट्टी विसरली!"

आम्हीही पोटभर हसलो. पण मंडळी, यात एक खोट आहे. त्यांना जन्मतःच सारे आले, असे म्हटले की आपण मोकळे! 'ते देवाचं देणं, आपल्याला काय जमणार?'

खरी गोष्ट निराळी. गरिबीपायी मेहबूब मोटारीवर क्लीनर झाला, गिरणीत राबला. पुढे 1944 साली अण्णा भाऊ साठे व शाहीर गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्रासाठी ते गावोगाव गायले. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले. 1969 साली अपघातात शाहीर गेले.

त्यांच्या कविता 'कलश' या पुस्तकात आहेत. आज तुम्ही अक्षरं जुळवताय. उद्या ते पुस्तक स्वतः वाचा. मग पारावर कोणी बोलू लागला, तर तुम्हाला ओळखता येईल, ही डफावरची थाप की नुसतीच थाप!