शिंगव्याची माऊली

वारीत आपल्याला गावोगावी पंगत मिळते, कधी दोन-दोन. पण एसटी स्टँडवर एकटीच पुटपुटत बसलेल्या बाईला पानावर कोण बोलावतं? नगर-मनमाड रस्त्यावरच्या शिंगव्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे अशा मनोरुग्ण, बेवारस बायांना लेकरांसकट सांभाळतात. संस्थेचं नावही आपलंच, माऊली सेवा प्रतिष्ठान. जुनी लुगडी द्या, नको कोण म्हणतो! पण मनाच्या दुखण्याला औषध रोजचं लागतं, वर्षानुवर्षं. मधेच तुटलं की दुखणं उलटतं. म्हणून शंभराव्या वर्षी आम्ही ठरवलंय, भिशीतली शिल्लक एकदम न देता दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला थोडी थोडी पाठवायची. पावत्या भिशीच्या वहीत लावू. ज्याला बघायच्या त्याने खुशाल बघाव्यात.