अंगठा बरा होता
(८ सप्टेंबरला, साक्षरता दिनी, वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

दोस्तांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या मावश्यांनो,

मी काही भाषणवाला नाही. गोदीत माल उचलतो, कविता लिहितो, मॅट्रिक झालोय. एवढ्या भांडवलावर मला इथं उभं केलंय, तेव्हा चुकलं तर मध्येच थांबवा.

आज सकाळी नाक्यावरनं साक्षरतेची फेरी गेली. पुढं लेझीम, मागं शाळेची पोरं, पोरांच्या हातात पुठ्ठ्याच्या पाट्या. त्या पाट्या वाचल्या कुणी? ज्यांना आधीच वाचता येतं त्यांनी. ज्यांच्यासाठी फेरी होती त्या बाया त्या वेळेला दुसऱ्यांच्या हापिसात फरशी पुसत होत्या.

युनेस्कोनं १९६६ साली हा दिवस ठरवला, १९६७ पासून तो साजरा होतो. साजरा करायला माझी ना नाही. आपल्याकडं हे जुनंच आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. गावातली झाडून सगळी मोठी माणसं शिकवायची, आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. पुढं ती मोहीम राज्यभर नेली. ज्या मास्तरांनी दिवसाची शाळा करून रात्री पुन्हा खडू हातात घेतला त्यांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण समारंभ झाला, मंडप निघाला, आणि मग वाचायला हाताशी काही नाही. पुष्कळांची अक्षरं पुसून गेली.

मग १९७८ च्या २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन. १९९० ला केरळातला एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर जाहीर झाला. तिथं लोक स्वतः उतरले होते, हे मान्य. २०२२ पासूनच्या कार्यक्रमाचं तर नावच 'उल्लास'. १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, शिकवणारे स्वयंसेवक बिनपगारी, शेवटी १५० मार्कांची परीक्षा. ५० वाचन, ५० लेखन, ५० आकडेमोड. आपल्या राज्यात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली. शंभरातली ९५ माणसं साक्षर झाली की राज्य पूर्ण साक्षर धरतात. गोव्यानं ३० मे २०२५ ला तसं जाहीर केलं. आनंद आहे. मला फक्त त्या उरलेल्या पाचांची नावं पाहिजेत. नुसती आडनावं दिली तरी चालेल.

माझी आय त्या परीक्षेला बसली. एका हापिसात कंत्राटदारामार्फत अकरा वर्षं झाडलोट. अंगठा लावायची तेव्हा ती कागदाला भ्यायची, आणि भ्यायची म्हणून अडायची. "थांबा, पोराला इचारते," म्हणायची. एकेका अंगठ्याला दोन दोन दिवस लावायची, मुकादम वैतागायचा. मग पास झाली, सर्टिफिकेट आलं, चाळीत पेढे वाटले.

थोड्याच दिवसांनी कंत्राट बदललं. जुन्या कंत्राटदाराच्या माणसानं कागद पुढं केला. "काय मावशी, आता शिकलात ना? करा की सही!" सगळ्या बायांच्या देखत. आय ताठ बसली आणि नाव लिहिलं, काना-मात्रा-वेलांटीसकट. कागद इंग्रजीत. सगळा हिशोब मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, माझी काही तक्रार नाही, असं त्यात लिहिलेलं. हातात पडला होता फक्त त्या महिन्याचा पगार.

झेरॉक्स मात्र तिनं हट्टानं मागून आणली होती. रात्री मी ती वाचून दाखवली. आय बराच वेळ गप. मग म्हनली, "अंगठाच बरा व्हता रं. अंगठ्याला कुनी लाजवत न्हवतं."

ह्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. कारण अंगठा बरा नव्हता. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली कामकरी माणसांसाठी रात्रीची शाळा काढली ती उगाच नव्हे. बाबासाहेबांनी १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिच्या कामात वसतिगृहं होती, वाचनालयं होती, अभ्यासमंडळं होती. नुसती सही नव्हती.

गोदीतलं सांगतो. धोक्याच्या मालाच्या पेटीवर टोकावर उभा असा चौकोन चिकटवलेला असतो. आठ नंबरच्या चौकोनात चित्र: नळीतून थेंब पडतायत आणि हात जळतोय. म्हणजे आत ॲसिडसारखा माल. मी मॅट्रिक, पण पहिल्या दिवशी मला ते वाचता आलं नाही. टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं दंडाला धरून मागं खेचलं. "हाताचं चितार हाय तिथं हात घालायचा न्हाय." तो शाळेची पायरी चढलेला नाही. सरकारच्या यादीत निरक्षर.

आणि १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज उडालं, पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र घेऊन, त्याच्यावर धोक्याचा लाल बावटा लावलेलाच नव्हता. तिथं माणूस कितीही शिकलेला असता तरी वाचणार काय, आणि वाचणार कसा?

म्हणजे भानगड दोन बाजूंनी आहे. आपल्याला वाचता येत नाही, ही एक. आपल्याला वाचता येईल असं ते लिहीत नाहीत, ही दुसरी. फेऱ्या पहिलीवर निघतात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत पगाराची स्लिप होती, बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेतली पाटी होती. आयच्या अकरा वर्षांत तिनं ना स्लिप पाहिली ना पाटी. त्यासाठी लेझीम कुणी खेळलं नाही.

आता आपल्या वर्गाचं. 'कमळ' आणि 'घर' झालं असेल तर ते पुस्तक मिटा. येत्या गुरुवारी ज्यानं त्यानं आपली पगाराची स्लिप आणायची. स्लिप नसेल त्यांच्यासाठी 'स्लिप द्या' हा अर्ज लिहू, तोच त्या दिवसाचा धडा. इंग्रजी 'फुल अँड फायनल'पासून सुरू करायचं. आणि मावश्यांनो, "घरी नेऊन वाचते, उद्या सांगते," हे वाक्य मोठ्यानं म्हणायचा सराव करायचा. हसू नका, चारचौघांत तेच सगळ्यात अवघड आहे.

आय येणार आहे. तिनं लेबर हापिसात अर्ज टाकलाय, तारीख पडलीय. सही करण्याआधी अर्ज मला तीनदा वाचायला लावला, मग स्वतः बोट फिरवत वाचला आणि एका शब्दावर अडली.

"तक्रारदार म्हंजे मी का?"

होय, म्हटलं.