रुपया घसरला की आपल्या घरात काय होते?



रुपया घसरला अशी बातमी आली की आपल्याला वाटते, ही मुंबईच्या शेटजींची भानगड. मलाही तसेच वाटायचे. शेतकी कॉलेजात मातीचा सामू मोजायला शिकवला, डॉलरचे नाव कोणी काढले नाही. पण डॉलर आपल्या चुलीपर्यंत आलेला आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येते. पोटॅश जवळपास सगळे परदेशचे. डिझेल ज्यापासून निघते ते कच्चे तेलही तिकडचेच. या सगळ्याचे पैसे डॉलरमध्ये मोजायचे. युरियाची गोणी सरकार दाबून धरते, पण तेलाचा डबा कोण दाबून धरणार?

जुलै १९९१ आठवा. १ तारखेला आणि ३ तारखेला, दोनदा रुपयाची किंमत उतरवली. २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. त्याच महिन्याच्या अर्थसंकल्पात खतांचे दर सरासरी ४० टक्के वाढवले. ओरड झाली तेव्हा ३० वर आणले. पुढल्या वर्षी स्फुरद-पालाशवरचे नियंत्रणच काढले.

आता विक्रीची बाजू. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघते, म्हणजे ७५ पौंड. जगाच्या बाजारात पौंडाला ८० सेंट धरा, ६० डॉलर झाले. डॉलर ८० रुपयांचा असेल तर ४८०० रुपये, ८५ चा झाला तर ५१००. सरकीचे वेगळे. जगाचा भाव तोच, पाऊस तोच, पण आपले क्विंटलमागे ३०० रुपये वाढायला हवेत. त्यातूनच वाढलेल्या तेलाची, डिझेलची भरपाई व्हायची.

ती होते का? १९९१ साली कापसाची निर्यात कोट्याने चाले आणि महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी होती. रुपया पडल्याचा फायदा आपल्या काट्यापर्यंत यायला वाटच नव्हती. एकाधिकार गेला, सवय गेली नाही. मार्च २०१२ मध्ये निर्यातबंदी घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये रुपया घसरत असताना कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले, वेचणीच्या तोंडावर! महाग झालेले विकत घ्यायला आपण मोकळे, महाग झालेले विकायला मात्र नाही.

ज्वारीवाल्याची गत याहून वाईट. ज्वारीचा भाव इथल्या आवकेवर ठरतो, डॉलरशी तिची सोयरीक नाही. नांगरटीचे डिझेल मात्र त्यालाही तेवढेच पडते. नोकरदाराला महागाई भत्ता मिळतो. आपल्याकडे घरची बाई फोडणीतले तेल कमी करते, मग पोराच्या वह्या पुढल्या महिन्यावर जातात. हाच आपला भत्ता.

पुढल्या बैठकीला प्रत्येकाने दोन वर्षांच्या कापसाच्या काटापट्ट्या, तेलाच्या आणि डिझेलच्या पावत्या आणाव्यात. तारीखवार डॉलरचा दर मी लिहून आणतो. शेजारी शेजारी मांडू आणि त्यावरून मागणीचा मसुदा करू.