रजेचा अर्ज
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



आम्हाला रजेवर बोलायला सांगितले. कार्यवाह म्हणाले, "तुम्ही सरकारी माणूस, या विषयात तुमचा हात कोण धरणार?" प्रत्यक्षात आमच्या खात्यावरची अर्जित रजा ३०० दिवसांच्या काठाला आली आहे. त्यापुढे ती साठत नाही, वाया जाते. आम्ही मात्र ती बँकेतल्या ठेवीसारखी जपत बसलो.

ही सवय घरातूनच आली. वडील अमळनेर तालुक्यातून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आले आणि लूमवर लागले. बारा तासांची पाळी, खाडा झाला की पगार कापला. आजी गेली तेव्हा ते थेट दहाव्याला पोहोचले. शेठने अडवले नव्हते. बदलीवर बसवलेला माणूस कायमचा बसेल, ही धास्ती होती. लिंबायतमधल्या अनेक घरांत हेच घडले असेल.

आपण रविवार गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिला. महात्मा फुल्यांचे हे सहकारी १८८४ पासून मागणी लावून धरून होते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही दाखला त्यांनी दिला होता म्हणतात. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. पण छोट्या शेडमध्ये, जिथे हजेरीचा कागदच धड नसतो, तिथे कोणता कायदा दाखवायचा?

आपली कानबाई श्रावणात रविवारीच बसते. रोट होतात, रात्र जागते, आणि सोमवारी विसर्जन. म्हणजे रविवार असूनही सोमवारची रजा लागतेच! तो एक दिवस मागताना आपला माणूस आजारपणाचे कारण सांगतो. कानबाईसाठी खोटे बोलावे लागते, हे आम्हाला खटकते.

आता थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आज आपल्यातल्याच काहींचे स्वतःचे कारखाने आहेत, मार्केटात दुकाने आहेत. त्यांच्याकडे कोणी गावी जायला चार दिवस मागितले, तर "परत येशील ना?" असे दरडावून विचारू नका. जा म्हणा, जागा तुझीच आहे म्हणा. शक्य असेल तर पगारही कापू नका. आम्ही नोकरदारांनीही हाताखालच्या माणसाचा अर्ज टेबलावर पडू देऊ नये.

सुरुवात घरून केली आहे. विसर्जनानंतर वडिलांना घेऊन आठ दिवस गावी जायचे म्हणून अर्ज टाकला. साहेबांनी विचारले, "घरी काही अडचण?" म्हटले, "नाही साहेब, सगळे ठीक आहे, म्हणूनच."

रजा मंजूर झाली, तिकिटेही काढली. वडील मात्र रोज विचारतात, "आठ दिवस? तुझ्या जागेवर कोण बसेल?"