रेबीज : प्रश्न लसीचा नव्हे, वाटेचा



धाकटी डहाणू हे कोळ्यांचे गाव. किनाऱ्यावर मासळी सुकत घातली की तिच्याभोवती कुत्री-मांजरे जमणारच. त्यांतील कित्येक कोणाच्याच मालकीची नसतात, पण परकीही नसतात. माणूस आणि जनावर यांचा हा शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मात्र रेबीजचा विषाणू याच शेजारातून, पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेवाटे, माणसापर्यंत पोहोचतो.

या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. उलट, चावा होताच योग्य उपचार मिळाले तर तो टळतो. तरीही जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने दगावतात, असा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. टाळता येणारा मृत्यू टळत नसेल, तर दोष केवळ विषाणूचा कसा म्हणता येईल?

विज्ञानाने आपले काम चोख केले आहे. पाश्चरने १८८५ मध्ये पहिल्यांदा माणसाला ही लस दिली. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी, पोटात टोचावी लागणारी जुनी लस भारतात २००४ मध्ये बंद झाली. २००६ मध्ये कातडीत टोचण्याच्या पद्धतीला मान्यता मिळाली. तिच्यामुळे एकाच कुपीत अनेकांची सोय होऊ लागली. लस स्वस्त झाली. वाट मात्र स्वस्त झाली नाही. पहिल्या मात्रेच्या दिवशी, मग तिथून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा चार फेऱ्या माराव्या लागतात. मासळी विकणाऱ्या आईला वा पाड्यावरच्या मजुराला त्या चार बुडालेल्या रोजांएवढ्या पडतात. जखम खोल असेल तर लसीखेरीज जखमेत प्रतिद्रव्यही टोचावे लागते. ते जवळच्या केंद्रात नसले, तर रुग्णाची पुढच्या गावी रवानगी होते. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हा सल्ला अगदी योग्य आहे. पण उन्हाळ्यात जिथे बायका डोक्यावरून हंडे वाहतात, तिथे वाहते पाणी आणायचे कोठून?

कुत्री मारून टाकावीत, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा मार्ग क्रूर तर आहेच, शिवाय निष्फळही आहे. एका टोळीची जागा दुसरी, न टोचलेली टोळी घेते. गावातील ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस टोचली, तर रोगाची साखळी तुटते. ज्या कुत्र्याला मालक नाही त्याची जबाबदारी व्यक्तीवर टाकता येत नाही. ती समाजानेच उचलली पाहिजे. पण कुत्रा पशुसंवर्धन खात्याकडे, माणूस आरोग्य खात्याकडे आणि गाव ग्रामपंचायतीकडे, अशी वाटणी झाल्यावर रोगाला मधली वाट मोकळी सापडते. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे उच्चाटन करण्याची राष्ट्रीय योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. तिची कसोटी दिल्लीत नव्हे, अशा किनाऱ्यांवर आणि पाड्यांवर लागणार आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील कामे साधी आणि स्पष्ट आहेत. चाव्यावर चुना वा तिखट भरू नये, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये, हे घरोघर सांगावे. जवळच्या केंद्रात लस व प्रतिद्रव्य शिल्लक आहे का, याची वेळोवेळी विचारणा करावी. चावलेल्या मुलाची चौथी मात्रा पूर्ण होईपर्यंत त्याच्या घराचा पाठपुरावा सोडू नये. दरवर्षी गावातच कुत्र्यांचे लसीकरण व्हावे, असा ठराव ग्रामसभेत मांडून तो अमलात आणून घ्यावा.

मूल वाचवणारी लस आज उपलब्ध आहे. ती वेळेवर त्या मुलापर्यंत पोहोचते की नाही, हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न उरलेला नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.